विंडोज १० संपल्यावर: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, मराठीसकट

आईचा लॅपटॉप २०१४ सालचा. चार जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, हात टेकतात तिथला रंग उडालेला. आई निवृत्त शिक्षिका. या यंत्रात तिनं मुलांसाठी लिहिलेल्या नाट्यछटा, भिशीचे हिशेब, नातवंडांचे फोटो आणि तीस वर्षांत जमलेल्या पाककृती आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. या लॅपटॉपमध्ये दोन्ही नाही. दुकानात विचारलं तर उत्तर एकच, "नवीन घ्या." पण पडदा स्वच्छ होता, कीबोर्डचं प्रत्येक बटण चालत होतं. टाकून द्यावं असं त्यात काहीच नव्हतं.

आज त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली आहे आणि आई तो लॅपटॉप रोज वापरते. तिथवर कसं पोचायचं ते इथे क्रमानं लिहितो. या सगळ्यात क्रमालाच सर्वात जास्त महत्त्व आहे असं माझं ठाम मत आहे. आधी रोजची सॉफ्टवेअर बदला, मग पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली चालवून बघा, आणि डिस्कला हात सगळ्यात शेवटी लावा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. शनिवारी उत्साहानं विंडोज पुसतात, सोमवारी प्रिंटर चालत नाही, मंगळवारी विंडोज परत येतं आणि "लिनक्स आपल्यासाठी नाही" असा शिक्का कायमचा बसतो.

मुक्त आणि मोफत

आपल्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत, हे फार बरं आहे. मोफत म्हणजे पैसे न पडणारं. मुक्त म्हणजे जे कशासाठीही वापरता येतं, ज्याची आतली रचना बघता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली ती या हक्कांसाठी. ते हक्क कायद्याच्या भाषेत पक्के करणारा जीपीएल परवाना १९८९ मध्ये आला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. तिचा गाभा, म्हणजे लिनक्स, १९९२ मध्ये जीपीएलखाली आला आणि ग्नूच्या अवजारांशी जोडला गेला. १९९३ मध्ये डेबियन, डेबियनवरून २००४ मध्ये उबुंटू, उबुंटूवरून २००६ मध्ये लिनक्स मिंट अशी ही वंशावळ आहे. एकानं केलेलं दुसऱ्यानं घेऊन पुढे न्यायचं, हे परवान्यातच लिहिलेलं असल्यामुळे हे घडू शकलं.

आपल्या घरांत आणि छोट्या कार्यालयांत विंडोज आणि ऑफिसच्या "क्रॅक" प्रती सर्रास असतात. त्यांनाही पैसे पडत नाहीत, पण त्यात कुणी काय घुसवलं आहे ते कळायला मार्ग नसतो. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करू नयेत, आणि पोरांना पहिला संगणक देताना त्यात चोरीची प्रत देऊ नये. केरळच्या सरकारी शाळांत संगणकशिक्षण गेली कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवरच चालतं. आपल्याकडच्या शाळांनाही ते सहज जमण्यासारखं आहे.

पहिली पायरी: एक कागद आणि पेन

दोन आठवडे संगणकावर जे जे करता ते लिहून काढा. सॉफ्टवेअरची नावं नकोत, कामं लिहा: वीजबिल भरते, भिशीचा तक्ता, सोसायटीचं पत्र, फोटो कातरणं, भजनांचं रेकॉर्डिंग, आयकर विवरण. आईच्या यादीत अकरा कामं निघाली आणि त्यातली सात निव्वळ ब्राउझरमधली होती.

यादीत पुढचं काही निघालं तर थांबून विचार करा. टॅलीवर धंद्याचा हिशेब असेल, कोरलड्रॉ किंवा पेजमेकरवर छपाईचं काम असेल, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन रोज लागत असेल, किंवा एक्सेलमध्ये मॅक्रोंनी भरलेल्या फाइली असतील, तर त्या यंत्रावरचं विंडोज पुसू नका. यातल्या काही गोष्टी लिनक्सवर खटपटीनं चालतात, पण ज्यावर पोट आहे ते काम खटपटीवर सोडू नये. अशांनी दुसऱ्या जुन्या यंत्रावर प्रयोग करावा किंवा दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात.

दुसरी पायरी: विंडोजवरच नवी अवजारं

मुक्त सॉफ्टवेअर वापरायला लिनक्स लागतं हा गैरसमज आहे. बहुतेक चांगली अवजारं विंडोजवरही चालतात, तेव्हा आहात तिथेच ती बसवा आणि महिनाभर फक्त तीच वापरा. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स. पत्रं, तक्ते, सादरीकरणं यांसाठी लिब्रेऑफिस. व्हिडिओ आणि गाण्यांसाठी व्हीएलसी. ईमेल संगणकावर उतरवून ठेवायचे असतील तर थंडरबर्ड. फोटोंसाठी गिंप, निमंत्रणपत्रिका आणि चिन्हांसाठी इंकस्केप, आवाजाच्या कापाकापीसाठी ऑडॅसिटी. पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवायला कीपासएक्ससी. ई-पुस्तकांसाठी कॅलिबर.

या महिन्यात खरी झुंज लिब्रेऑफिसशी होते, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ओपनऑफिसपासून वेगळं होऊन सप्टेंबर २०१० मध्ये ते सुरू झालं. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली ते उघडतं आणि त्याच स्वरूपात जतनही करतं. साधी पत्रं, तक्ते बिनचूक येतात. खूप चौकटी आणि चित्रं असलेला अहवाल मात्र थोडा हलतो. हलण्याचं कारण बहुतेकदा फाँट असतो. कॅलिब्री फाँट यंत्रावर नसेल तर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि कँब्रियाच्या मापाचा कॅलाडिया हे मुक्त फाँट आहेत. ते असले की पानं जागच्या जागी राहतात. माझा नियम साधा आहे. स्वतःच्या फाइली लिब्रेऑफिसच्या ओडीटी स्वरूपात ठेवायच्या, दुसऱ्यानं नुसती वाचायची असेल तर पीडीएफ पाठवायची, आणि त्यानं बदल करायचे असतील तरच वर्डचं स्वरूप.

महिन्याअखेर यादी पुन्हा काढा. जी कामं नव्या अवजारांनी होत आहेत त्यांच्यावर खूण करा. अकरापैकी दहांवर खूण झाली तर तुम्ही निम्मी वाट चालून आलात, कारण लिनक्सवर गेल्यावर हीच अवजारं याच रूपात समोर येतात. आईला प्रणाली बदलल्याचा त्रास झाला नाही तो यामुळेच. तिच्या दृष्टीनं खालची पट्टी तेवढी बदलली होती.

तिसरी पायरी: प्रत, आणि शक्य असेल तर नवी डिस्क

सहा वर्षांपूर्वी मी एका नातेवाइकांच्या संगणकावर लिनक्स बसवताना चुकीची डिस्क निवडली. फोटोंची प्रत घेतली आहे असं मला सांगितलं होतं आणि मी ती उघडून पाहिली नव्हती. त्या फोल्डरमध्ये फक्त शॉर्टकट होते. एका लग्नाचे फोटो कायमचे गेले. तेव्हापासून "प्रत घेतली" या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही. प्रत दुसऱ्या संगणकावर लावून, आतल्या पाच-दहा फाइली उघडून पाहतो.

प्रत घेताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर घ्या. लोकांचा निम्मा संसार डाउनलोड्समध्ये असतो. ब्राउझरमधल्या खुणा आणि पासवर्ड निर्यात करा. थेट सी ड्राइव्हवर केलेले फोल्डर शोधा. विंडोजनं बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद केली असेल तर तिची रिकव्हरी-की आधी कागदावर उतरवा.

जुन्या लॅपटॉपसाठी माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हा: फिरती हार्ड डिस्क काढा आणि अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. जुन्या यंत्राचा संथपणा बहुधा डिस्कमुळे असतो. प्रोसेसरला उगाच दोष मिळतो. दुसरा फायदा याहून मोठा आहे. लिनक्स नव्या एसएसडीवर बसवलं की जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी कपाटात राहते. काही बिघडलं, तर चार स्क्रू काढून ती परत लावायची. भीती तिथेच संपते. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातली की तीच बाहेरची डिस्क म्हणूनही वापरता येते. झाकण उघडायचं धाडस नसेल तर कोणताही दुरुस्तीवाला हे अर्ध्या तासात करून देतो.

चौथी पायरी: मिंट उतरवणं आणि तपासणं

मिंटचे तीन प्रकार मिळतात: सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. आतला गाभा एकच, पडद्यावरची मांडणी वेगळी. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई घ्या, आठ असेल तर सिनॅमन. किमान गरज दोन जीबी रॅम आणि २० जीबी जागा अशी सांगितली जाते, पण दोन जीबीवर आजच्या वेबसाइट कुथतात. त्यात दोष प्रणालीचा नाही, ब्राउझरमधल्या दहा टॅबचा आहे. मिंटची २२ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतनं मिळणार आहेत. ती फक्त ६४-बिट यंत्रांवर चालते.

मिंटच का? विंडोजच्या सवयीला ते सगळ्यात जवळचं आहे: डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. फेडोरा, डेबियन, उबुंटू ही सगळी उत्तम आहेत आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही प्रणालीही आहे. पण पहिल्या वर्षी चार प्रणाली चाखत बसू नये. एक धरा आणि तीत राहा.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी प्रणाली एका फाइलीत, उतरवा. तीन जीबीच्या आसपास भरते. मग ती तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून कारण सांगतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि काही तास उतरवणाऱ्यांना चोरदरवाजा असलेली बनावट आयएसओ मिळत होती. फाइल तपासली नाही तर अशी बनावट प्रत ओळखता येत नाही. विंडोजवर सेव्हन-झिप हे मुक्त सॉफ्टवेअर बसवलं की फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलचा ठसा, काढता येते. संकेतस्थळावर दिलेल्या ६४ अक्षरांशी ती जुळली पाहिजे. पहिली आठ आणि शेवटची आठ नीट पाहिली तरी अर्धवट उतरलेली किंवा बिघडलेली फाइल लगेच लक्षात येते. मी पूर्ण ओळ जुळवतो.

पाचवी पायरी: पेनड्राइव्ह

आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाईल, तेव्हा आत काय आहे ते बघून घ्या. विंडोजवर रुफस हे छोटं सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. मध्ये एक प्रश्न विचारला जातो. तिथे ज्याची शिफारस केलेली असते तोच पर्याय घ्या. नुसती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

आता लॅपटॉप बंद करून चालू करा आणि चालू होता होता बूट-मेनूचं बटण टकटक दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. समोर आलेल्या यादीतून पेनड्राइव्ह निवडा. यादीच आली नाही तर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बूट-मेनू चालू करावा लागतो. मिंट सिक्युअर बूटसह (फक्त ओळखीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालतं, पण एखादं यंत्र हट्ट धरतं. तसं झालं तर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करून पाहा.

सहावी पायरी: न बसवता वापरणं

मिनिटभरात मिंटचा पडदा येतो. हे सगळं पेनड्राइव्हवरून चाललेलं आहे, तुमच्या डिस्कला अजून धक्काही लागलेला नाही. एक अख्खी संध्याकाळ इथेच घालवा. पेनड्राइव्ह संथ असतो, म्हणून वेगावरून मत बनवू नका. यंत्राचे अवयव मात्र एकेक तपासा:

- वाय-फाय लागतं का, आणि अर्धा तास टिकतं का
- आवाज, माइक, कॅमेरा
- उजेड कमी-जास्त करण्याची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं
- झाकण मिटल्यावर यंत्र झोपतं का, आणि उघडल्यावर उठतं का
- प्रिंटर आणि स्कॅनर

वाय-फाय दिसत नसेल तर निराश होऊ नका. फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. संगणकाला लगेच इंटरनेट मिळतं. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वाय-फाय चिपांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून बसतो. प्रिंटरचं उत्तर दोन टोकांचं आहे. वाय-फायवर चालणारे नवे प्रिंटर बहुधा आपोआप ओळखले जातात, एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांसाठी लागणारं सॉफ्टवेअर मिंटमध्ये आधीच असतं, पण काही स्वस्त जुने लेझर प्रिंटर अजिबात दाद देत नाहीत. तुमचा त्यातला निघाला तर ते आजच, काहीही न पुसता कळेल.

सातवी पायरी: बसवणं

पडद्यावरच्या "इन्स्टॉल लिनक्स मिंट" या चिन्हावर दोनदा क्लिक करा. पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठीही आहे. मराठी घेतली तर मेनूत काही नावं मराठी आणि काही इंग्रजी अशी सरमिसळ दिसते, कारण अनुवादाचं काम अपुरं आहे. मी आईसाठी इंग्रजी ठेवली. मराठी लिहायला त्यानं काहीच अडत नाही. पुढे मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, म्हणजे सगळ्या प्रकारचे व्हिडिओ चालतात.

मग येतो सगळ्यात नाजूक पडदा. "इरेज डिस्क" म्हणजे निवडलेली पूर्ण डिस्क पुसून मिंट बसवायचं. "अलाँगसाइड" म्हणजे विंडोज ठेवून शेजारी जागा करायची. एसएसडी नवी असेल तर पहिला पर्याय निर्धास्त घ्या. शेजारी बसवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा; ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि त्याच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिणं धोक्याचं ठरतं. एकापेक्षा जास्त डिस्क जोडलेल्या असतील तर नको त्या आताच काढून ठेवा. डिस्कचं नाव आणि आकार मोठ्यानं वाचा, आणि मगच "इन्स्टॉल नाऊ" दाबा. माझ्याकडून जे फोटो गेले ते याच पडद्यावर.

लॅपटॉप बाहेर फिरवत असाल तर डिस्क कूटबद्ध करायचा पर्याय घ्या, पण त्याचा परवलीचा शब्द विसरलात तर आतलं काहीही परत मिळत नाही. भारतीय वेळेसाठी यादीतून कोलकाता निवडा, नाव आणि पासवर्ड द्या. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. शेवटी पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा चालू करायचं.

दोन प्रणाली शेजारी ठेवणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येईल: विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास चुकलेलं. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. बिघाड काही नाही. विंडोजमध्ये "सिंक नाऊ" दाबलं की वेळ जागेवर येते.

पहिला तास

स्वागताची खिडकी उघडेल. तिथल्या "फर्स्ट स्टेप्स"मध्ये जे आहे ते वरून खाली करत जा: अपडेट मॅनेजर, ड्रायव्हर मॅनेजर, फायरवॉल, टाइमशिफ्ट. टाइमशिफ्ट प्रणालीची त्या क्षणाची स्थिती साठवून ठेवतं. पुढे एखाद्या अपडेटनं काही बिघडलं तर मागच्या दिवसावर परत जाता येतं. पण ते तुमची पत्रं आणि फोटो सहसा धरत नाही. त्यांची प्रत वेगळी आणि दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. हा फरक न कळल्यामुळे लोक गाफील राहतात.

नवं सॉफ्टवेअर हवं असेल तर वेबवर शोधून उतरवायची सवय इथे सोडा. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव टाका, बसवा. सगळ्यांची अद्यतनंही एकाच जागी येतात. टर्मिनलची काळी खिडकी पहिल्या वर्षात उघडायची गरज फारशी पडत नाही. उघडलीत तर ज्या ओळीचा अर्थ कळत नाही ती तिथे चिकटवू नका.

फोनमधले फोटो घ्यायला वॉर्पिनेटर फार सोयीचं आहे. एकाच वाय-फायवर असलेल्या दोन यंत्रांमध्ये ते थेट फाइल सरकवतं, आणि त्याचं अँड्रॉइड ॲपही मिळतं.

मराठी लिहिणं

इथे दोन रस्ते आहेत. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत भारतीय लेआउटांखाली मराठी शोधा आणि एनहान्स्ड इनस्क्रिप्ट निवडा. वेगळं काही बसवावं लागत नाही. भाषा बदलायचं बटण तिथेच ठरवा. इनस्क्रिप्टमध्ये डावा हात स्वरांचा आणि उजवा मुख्यतः व्यंजनांचा. हलन्त डीच्या बटणावर, ळ शिफ्टसह एनवर. "तऱ्हा" आणि "दऱ्या" लिहून पाहा. यातला ऱ शिफ्टसह जेवर मिळतो, पुढे हलन्त आणि मग ह किंवा य. हे दोन शब्द नीट उमटले म्हणजे कीबोर्ड नीट लागला.

इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार टंकायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे टंकण्याचं साधन बसवा. इनपुट मेथडच्या सेटिंगमध्ये आयबस निवडा, एकदा लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या पसंतींमध्ये मराठी जोडा. तिथे फोनेटिक, आयट्रान्स, इनस्क्रिप्ट यांच्यासोबत आपलं गमभनही आहे. जुन्या मराठी संकेतस्थळांवर ज्यांचा हात गमभनवर बसला, त्यांना ते इथे भेटल्यावर आनंद होईल. तरी ज्यांना वर्षानुवर्षं मराठी लिहायचं आहे त्यांनी महिनाभर घाम गाळून इनस्क्रिप्ट शिकावं असं मला वाटतं. ते प्रत्येक संगणकावर असतं आणि त्यात मराठी लिहिताना मनात इंग्रजी स्पेलिंग चालत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये एक सेटिंग न केल्यामुळे अनेकांची चिडचिड होते. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात जा, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या चौकटीत खूण करा आणि भाषा मराठी निवडा. लिब्रेऑफिस रोमन आणि देवनागरी मजकुराचा फाँट वेगवेगळा लक्षात ठेवतं. ही खूण नसली की तुम्ही फाँट बदलता आणि मराठी अक्षरं ढिम्म हलत नाहीत. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. लोहित मराठी हा मुक्त फाँट त्यासाठी चांगला. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट-संस्थेचा 'मुक्त' (Mukta) नावाचा फाँट आणि राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा, यशोवेणू हेही उतरवून ठेवा. मराठी शुद्धलेखन-तपासणीचं एक्स्टेंशनही मिळतं.

हे सगळं कुणी पडद्यावर दाखवत मराठीत समजावून सांगितलं तर बरं, असं वाटत असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पाहा. लिनक्स, लिब्रेऑफिस, गिंप यांवरचे छोटे छोटे धडे तिथे मराठी आवाजात मोफत आहेत. आईनं कॅल्कचे (लिब्रेऑफिसमधल्या तक्त्यांच्या भागाचे) धडे तिथूनच केले, वही घेऊन, एक एक.

जुन्या फाँटमधल्या फाइली

हे काम कोणत्याही परदेशी मार्गदर्शकात सापडणार नाही आणि मराठी घरांत मात्र हमखास निघतं. आईच्या नाट्यछटा उघडल्या तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाइली सुस्थितीत होत्या. त्या शिवाजी फाँटमध्ये टंकलेल्या होत्या, युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची खूण देणाऱ्या पद्धतीत) नाही. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख या फाँटांच्या काळात संगणक आत रोमन अक्षराचीच खूण साठवायचा आणि फाँट तिच्यावर देवनागरीचं चित्र चढवायचा. फाँट काढला की चित्र गेलं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या छापखान्यांत आणि शाळांत ती रुजायला पुढे बरीच वर्षं गेली.

शक्यतो विंडोज हाताशी असतानाच हे उरका. प्रत्येक जुनी फाइल उघडून तिचा फाँट कोणता ते नोंदवा, आणि ती मूळ फाँटसह दिसत असताना एक पीडीएफ करून ठेवा. काहीही झालं तरी मजकूर वाचता येईल ही सोय आधी. मग त्या त्या फाँटचा युनिकोड-रूपांतरक वापरा. खाजगी मजकूर असेल तर कुणाच्या सर्व्हरवर चढवायचा नाही. संगणकावरच चालणारा रूपांतरक शोधायचा. रूपांतरानंतर तीन जागी हमखास चुका राहतात: पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार चुकीच्या जागी बसतो, आणि ऱ्य-ऱ्ह मोडतात. हे डोळ्यांनीच वाचावं लागतं.

फाँट सापडतच नसेल आणि हाती फक्त छापील पान किंवा पीडीएफ असेल तर टेसरॅक्ट वापरा. हे मुक्त सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखतं आणि त्याचा मराठी संच वेगळा बसवता येतो. जीइमेजरीडर घेतलं तर टर्मिनलशिवाय खिडकीतूनच काम होतं. पान ३०० डीपीआयला, सरळ ठेवून स्कॅन करा. स्वच्छ छापील मजकूर बराचसा बरोबर येतो. हस्ताक्षराच्या वाटेला जाऊ नका.

आईच्या ४३ नाट्यछटा होत्या. रोज संध्याकाळी एक असं करत आम्ही त्या रूपांतरित केल्या. मी मूळ पीडीएफ मोठ्यानं वाचायचो आणि ती पडद्यावर चुका दुरुस्त करायची. प्रत्येकीची एक ओडीटी आणि एक पीडीएफ आता तिच्या लॅपटॉपवर, कपाटातल्या जुन्या डिस्कवर आणि मावशीकडच्या पेनड्राइव्हवर आहे. पाककृतींची फाइल अजून बाकी आहे. ती श्रीलिपीत आहे, आणि तिच्यात अपूर्णांक फार आहेत.